पुस्तकामागच्या खिशातली सीडी : नऊ महिने वापरल्यानंतर

गेले नऊ महिने मी आमच्या गटासाठी टेबलटॉप आरपीजीचं, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायच्या खेळाचं, एक मोठं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) चालवते आहे. खेळाडू पाच, आणि आतापर्यंत एकतीस सेशन झाली. कॅम्पेनचं पुस्तक चांगलं जाडजूड आहे, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदी पाकिटात त्याची पुरवणी सीडी होती. त्याशिवाय गटातल्या एकाच्या जुन्या संग्रहातल्या चार सीड्याही याच काळात वापरल्या: एक संगीताची, दोन नकाशांच्या, एक पात्रं तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची. प्रकाशकांची नावं लिहीत नाही. एका सीडीवर जे खटकलं ते थोड्याफार फरकाने सगळ्यांवर सापडलं, त्यामुळे कुणा एकाला धरून काही हाती लागणार नाही. टेबलटॉप आरपीजीच्या सीडीवर काय असायला हवं, हे मात्र आता मला अगदी नेमकं सांगता येतं.

आधी एक गोष्ट, जी समजायला मला दोनेक महिने लागले. सीडी खेळताना लागत नाही, ती लागते आदल्या रात्री. टेबलावर फासे, कागद, पेन्सिली, माझ्या नोंदी लपवणारा पडदा आणि पाच माणसं असतात. तिथे लॅपटॉप उघडून फाइल शोधत बसलं की सगळ्यांचं लक्ष उडतं. पण आदल्या रात्री, उद्या कुठला नकाशा लागेल, कुणाचं चित्र दाखवायचं, कुठल्या राक्षसाचे आकडे बदलायचे, या तयारीत सीडी दोन तास वाचवू शकते किंवा दोन तास खाऊ शकते. त्यामुळे मी प्रत्येक फाइलला एकच प्रश्न विचारते: हिने माझं हातानं करायचं कोणतं काम कमी केलं?

नकाशांपासून सुरुवात करते, कारण सीडीचा खरा उपयोग तिथेच आहे आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच होतात.

पुस्तकातला नकाशा गेम मास्टरसाठी, म्हणजे माझ्यासारख्या खेळ चालवणाऱ्यासाठी असतो. त्यावर गुप्त दरवाजे, सापळे, खोल्यांचे क्रमांक, सगळं असतं. तो खेळाडूंना दाखवता येत नाही. म्हणून सीडीवर प्रत्येक नकाशाच्या दोन आवृत्त्या हव्यात, आणि माझ्या सीडीवर त्या होत्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. सातव्या सेशनला एका पडक्या मठाच्या तळघराचा खेळाडूंसाठीचा नकाशा छापून टेबलावर ठेवला. गुप्त दरवाजाची खूण त्यावरून काढलेली होती, मागची खोलीही भिंतीच्या रंगाने भरलेली होती. खोल्यांचे क्रमांक मात्र तसेच होते. आमच्यातल्या एकीने मिनिटभर नकाशा न्याहाळला आणि विचारलं, "ताई, चौदानंतर एकदम सोळा कसं? पंधरा कुठेय?" पुढची वीस मिनिटं सगळे चौदा आणि सोळाच्या मधली भिंत ठोकत बसले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. समोर दिलेला कागद तिने नीट वाचला. पण त्या खोलीत जे मिळणार होतं त्यासाठी मी तीन सेशन धागे पेरत आले होते, ते सगळं वाया गेलं.

म्हणजे खेळाडूंच्या नकाशावर क्रमांक असूच नयेत. गुप्त जागा झाकताना ती झाकलीय हेही कळता कामा नये. माझ्याकडच्या एका नकाशात झाकलेल्या भागाचा करडा रंग आजूबाजूच्या खडकापेक्षा किंचित फिका आहे. स्क्रीनवर दिसत नाही, छापल्यावर स्पष्ट दिसतो. तशीच गोष्ट फाइलच्या नावाची. एकदा एक खेळाडू दूरवरून सामील झाला होता, म्हणून स्क्रीन शेअर केली, आणि खिडकीच्या माथ्यावर फाइलचं नाव झळकलं, त्यात त्या जागेच्या खऱ्या मालकाचं नाव. खलनायक कोण हे कॅम्पेनच्या मध्यावर एका फाइलनावाने सांगून टाकलं. खेळाडूंना दाखवायच्या फाइलींची नावं कोरडी हवीत, आणि त्या वेगळ्या फोल्डरमध्ये हव्यात, म्हणजे घाईत चुकीची फाइल उघडली जाणार नाही. पीडीएफमध्ये थर ठेवायची सोय 1.5 आवृत्तीपासून, म्हणजे 2003 पासून आहे. खोल्यांचे क्रमांक एका थरावर, गुप्त गोष्टी दुसऱ्यावर, चौकोनी घरांची ग्रिड तिसऱ्यावर ठेवलं तर एकाच फाइलमधून हवी ती प्रत छापता येते. माझ्या संग्रहातल्या एका नकाशा-सीडीवर हे केलेलं आहे आणि त्या सीडीला मी आजही हात जोडते.

आता मापाचं. मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, वापरणाऱ्यांसाठी नेहमीचा हिशोब म्हणजे एक घर एक इंचाचं, आणि ते खेळात पाच फूट. चोवीस बाय छत्तीस इंचांचा नकाशा 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) ठेवायचा तर चित्र 7200 बाय 10800 पिक्सेलचं होतं. कॉम्प्रेस न करता ते दोनशे एमबीच्या पुढे जातं, आणि अख्खी सीडी 650 किंवा 700 एमबीची. त्यामुळे प्रकाशक दोनपैकी एक करतात: एक तर चित्र इतकं दाबतात की ग्रिडच्या रेषांभोवती घाणेरडे ठिपके येतात, नाही तर पुस्तकातल्याच आकाराचा छोटा नकाशा टाकून मोकळे होतात. माझ्या अनुभवात 150 डीपीआय पुरतात. जमिनीवरच्या फरशा टेबलाच्या पलीकडून पाहायच्या असतात, त्याला पुस्तकातल्या चित्राची बारीकी लागत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठा नकाशा घरच्या प्रिंटरवर छापता येईल असे तुकडे आधीच करून दिलेले हवेत. माझ्या सीडीवर तुकडे होते, पण ते आठ बाय दहा इंचांचे, अमेरिकी लेटर कागद धरून. लेटर साडेआठ इंच रुंद असतो. एफोर असतो 210 मिलिमीटर, म्हणजे सव्वाआठ इंचांच्या जरा वर. आठ इंचांचा तुकडा त्यावर ठेवला की दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटरही उरत नाहीत, आणि माझा प्रिंटर तेवढ्या कडेपर्यंत छापत नाही. मग तो गुपचूप पान आक्रसून बसवतो. तीन टक्क्यांचा फरक डोळ्यांना कळत नाही, पण हे तुकडे आधीच्या, एक इंची घरं आखलेल्या मॅटला जोडले तर वीस घरांनंतर अर्ध्याहून जास्त घराचा फरक पडतो, आणि दरवाजासमोर भिंत येते. अख्खा रविवार मी कात्री आणि चिकटपट्टी घेऊन त्यावर घालवला. तुकडे सात बाय दहाचे असते तर दोन्ही कागदांवर आरामात बसले असते. चोवीस बाय छत्तीसच्या नकाशाला सोळा पानं लागतात, पण ती सोळा पानं एकमेकांना आणि मॅटला बरोबर जुळतात. पानाच्या कोपऱ्यात एक इंचाची मोजपट्टी छापलेली असली तर पहिल्याच पानाला पट्टी लावून कळेल की प्रिंटरने माप बदललंय का. एवढी साधी गोष्ट पाचपैकी एकाच सीडीवर दिसली.

दुसरी गोष्ट, जिच्याशिवाय आता मला चालणार नाही: बदलता येण्याजोगा मजकूर. पुस्तकातले सामने चार खेळाडू धरून बेतलेले असतात. आमच्याकडे पाच आहेत, आणि त्यातले दोघं लढाईत फार तरबेज. म्हणजे जवळपास प्रत्येक राक्षसाचे आकडे मला वाढवावे लागतात. माझ्या सीडीवर सगळे स्टॅट ब्लॉक, म्हणजे राक्षसांच्या आकड्यांच्या चौकटी, आरटीएफ या बदलता येणाऱ्या मजकुराच्या फाइलींमध्ये होते, एका फाइलीत एक. कुठल्याही वर्ड प्रोसेसरमध्ये उघडायचं, आकडे बदलायचे, अर्ध्या पानावर छापायचं. 2000 साली ओपन गेम लायसन्स (खेळाचे नियम इतरांनाही वापरू देणारा परवाना) आलं आणि त्याखाली खुले केलेले नियमही आरटीएफमध्येच दिले गेले. त्या फाइली आजही उघडतात. साधा मजकूर आणि आरटीएफ यांच्यापुढे बाकीची सगळी सजावट फिकी. दुसऱ्या एका सीडीवर हेच स्टॅट ब्लॉक चित्रांच्या रूपात आहेत, सुंदर चौकटीत, जुन्या कागदाच्या पार्श्वभूमीवर. त्यातला एक आकडाही मला बदलता येत नाही. छापले तर शाई संपते. ती सीडी मी दोनदा उघडली.

नावांची यादी! हिच्यावर प्रकाशकांनी किती वेळ घालवला असेल माहीत नाही, पण तीन-चार केबींची ती साधी टेक्स्ट फाइल मी प्रत्येक सेशनला वापरली. खेळाडू कुठल्याही गावात शिरले की ज्याचा पुस्तकात उल्लेखही नाही अशा माणसाशी बोलायला जातात, आणि पहिला प्रश्न "तुमचं नाव काय?" प्रदेशानुसार वेगळ्या केलेल्या नावांची यादी मी छापून पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. वापरलेलं नाव खोडते आणि शेजारी दोन शब्द लिहिते: लोहार, तिरसट. नऊ महिन्यांनी ती यादी हीच आमच्या कॅम्पेनची जनगणना झाली आहे.

पत्रं, फर्मानं, फाटके नकाशे, म्हणजे खेळाडूंच्या हातात द्यायचे कागद, सीडीवर असणं फार मोलाचं. पण प्रत्येकाची कोरी आवृत्तीही द्या, म्हणजे तोच कागद, तीच मोहर, मजकूर मात्र नाही. आमचं कॅम्पेन बाराव्या सेशननंतर पुस्तकापासून दूर गेलं, तसं प्रत्येकाचं जातं. एका सरदाराचं पत्र मला पूर्ण वेगळ्या मजकुराचं हवं होतं. कोरी आवृत्ती नव्हती, म्हणून अक्षरं पुसण्यात एक संध्याकाळ गेली आणि तरीही मोहरेजवळ डाग राहिला. शिवाय आम्ही खेळतो मराठीत. पत्र मराठीत लिहिलं की खेळाडू ते मोठ्याने वाचतात, आवाज काढतात, भांडतात. कोरा कागद असला की कुठल्याही भाषेत खेळणाऱ्याचं काम होतं. याच कारणाने भरता येणारी पीडीएफ कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा तक्ता, आमच्या कामी आली नाही: तिच्या रकान्यांना लॅटिन अक्षरांचाच फॉन्ट जोडलेला होता, देवनागरी टाइप केली की चौकोन. शेवटी रिकामी शीट छापून पेन्सिलीने भरली. पेन्सिलच बरी, कारण हिट पॉइंट्स, म्हणजे पात्राचा उरलेला जीव, एका संध्याकाळी दहा वेळा खोडावे लागतात.

व्यक्तिचित्रं वेगळ्या फाइलींमध्ये, खाली नाव न छापता हवीत. इतकंच.

आता आवाज. या बाबतीत माझं मत वापरता वापरता बदललं. 1994 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने नवख्यांसाठी फर्स्ट क्वेस्ट नावाचा संच काढला, त्यात ऑडिओ सीडी होती. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या आणखी काही साहसांसोबतही ऑडिओ सीड्या आल्या. कल्पना अशी की प्रसंगाचा ट्रॅक लावायचा आणि पात्रांचे संवाद, दारांची करकर, सगळं सीडीनेच ऐकवायचं. मला ही कल्पना ऐकूनच आवडली होती. आमच्या संग्रहातल्या संगीताच्या सीडीवरही असे संवादाचे सहा ट्रॅक आहेत. पहिला वापरला तेव्हा सगळे खूश झाले. दुसऱ्या वेळी ट्रॅकमधला म्हातारा त्यांना घाबरून दार उघडतो, आणि आमच्या खेळाडूंनी त्या म्हाताऱ्याला आधीच वाचवून मित्र केलेलं होतं. रेकॉर्ड केलेल्या माणसाला हे कळत नाही. तिसऱ्यांदा मी ते ट्रॅक लावलेच नाहीत. गेम मास्टरचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे समोरच्याने जे केलं त्याला उत्तर देणं, आणि तेच रेकॉर्डिंगमध्ये नसतं.

पार्श्वध्वनी मात्र फार उपयोगी पडतो. पाऊस, गुहेतलं ठिबकणारं पाणी, बाजाराचा गलका, दूरचा ढोल. धून असलेलं संगीत तिसऱ्या फेरीला डोक्यात भुणभुणायला लागतं. पावसाचं तसं होत नाही. अडचण अशी की ऑडिओ सीडीच्या मापात एका चकतीवर जेमतेम 74 ते 80 मिनिटं बसतात. त्यात वीस ट्रॅक घातले की प्रत्येक चार मिनिटांचा, आणि आमची एक लढाई पाऊण तास चालते. तोच आवाज 128 केबीपीएसच्या, एमपीथ्रीसारख्या दाबलेल्या फाइलींमध्ये डेटा म्हणून ठेवला तर 700 एमबीत साधारण बारा तास मावतात. मग प्रत्येक वातावरणाचे वीस-वीस मिनिटांचे ट्रॅक देता येतील. एक बारीक गोष्ट: ट्रॅक पुन्हा पुन्हा फिरवायचा असेल तर एमपीथ्रीत एन्कोडरमुळे सुरुवातीला आणि शेवटी क्षणभराची शांतता भरली जाते, आणि पाऊस दर फेरीला अडखळतो. ऑग प्रकारच्या फाइलींमध्ये हे होत नाही. आणि काहीही असो, फाइली आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आमच्या एका सेशनला सगळे श्वास रोखून दारामागची चाहूल ऐकत होते आणि नेमका तेव्हाच सीडी ड्राइव्ह घुर्रर्र करत फिरायला लागला.

प्रोग्रॅम. इथे मी कठोर आहे. 2000 साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीचं प्लेअर्स हँडबुक आलं तेव्हा सुरुवातीच्या प्रतींसोबत कॅरेक्टर जनरेटरच्या डेमोची सीडी होती. पात्र तयार करताना लागणाऱ्या बेरजा-वजाबाक्या कॉम्प्युटरने कराव्यात ही इच्छा अगदी बरोबर आहे, नव्या खेळाडूला त्याने धीर येतो. पण 2003 मध्ये त्याच खेळाची 3.5 आवृत्ती आली आणि नियम बदलले. पुस्तकात पेन्सिलीने दुरुस्ती लिहिता येते. चकतीवरच्या प्रोग्रॅममध्ये नाही. आमच्या संग्रहातली प्रोग्रॅमची सीडी तर उघडलीच नाही. तिचा इन्स्टॉलर 16 बिटचा आहे आणि 64 बिट विंडोज तो चालवतच नाही. त्या सीडीवर नियमांचा सगळा मजकूर आहे, पण तोही प्रोग्रॅमच्या पोटात बंद. एवढ्या माणसांची मेहनत चकतीवर धडधाकट आहे आणि माझ्या हाताला लागत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रोग्रॅम द्यायचाच तर त्याचा डेटा शेजारी साध्या फाइलींमध्येही ठेवा. हेच काम स्प्रेडशीटनेही होतं: माझ्या सीडीवरची खजिन्याची आणि हवामानाची कोष्टकं सीएसव्हीत, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुरात, होती, त्यात मी स्वतःच्या ओळी घातल्या आणि आजही वापरते.

अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ सीडीवर असावी का, यावर आमच्या गटात दोन मतं आहेत. मी म्हणते असावी, पण शोधता येणारी आणि बुकमार्क असलेली. नुसती स्कॅन केलेली पानं असतील तर छापील पुस्तकच बरं, त्यात बोट घालून ठेवता तरी येतं. 1999 मध्ये आरपीजीवरच्या ड्रॅगन मासिकाचे पहिले अडीचशे अंक पाच सीड्यांवर आले होते. एवढ्या कागदाच्या ढिगाऱ्यात एक शब्द टाकून लेख काढता येणं, हे खरं सीडीचं काम.

हक्कांबद्दल एक वाक्य सीडीवर असलंच पाहिजे. मोठा नकाशा घेऊन मी छपाईच्या दुकानात गेले तर त्यांनी कोपऱ्यातली कॉपीराइटची ओळ दाखवून छापायला नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं. पण "वैयक्तिक वापरासाठी छापायला परवानगी आहे" एवढं त्याच पानावर लिहिलेलं असतं तर माझी फेरी वाचली असती.

फाइलींच्या नावांवर पुन्हा येते, कारण यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. माझ्या सीडीवरची नावं अशी: एमपी07बी, एचओ12, एसबी113. सीडीवर फाइली लिहायच्या आयएसओ 9660 पद्धतीच्या सगळ्यात जुन्या पातळीवर नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीनच, म्हणून कुणीतरी इतकं आखडतं घेतलं असावं. जोलिएट ही तिचीच वाढवलेली पद्धत वापरून लांब नावं देता आली असती. बरं, नावं तोकडी असली तरी चाललं असतं, जर सोबत एक अनुक्रमणिका असती: फाइल, त्यात काय आहे, पुस्तकातलं पान. तीही नव्हती. पहिल्या महिन्यात मी दोनशेहून जास्त फाइली एकेक उघडून वहीत यादी केली. ती वही आता पुस्तकाइतकीच मोलाची आहे. पुस्तकातही प्रत्येक प्रसंगाशेजारी "सीडीवर पाहा" एवढं लिहिण्यापेक्षा फाइलचं नाव छापलेलं हवं होतं. आणि हे सगळं घडलं त्याच चकतीवर, जिची निम्म्याहून जास्त जागा प्रकाशकाच्या जाहिरातीचा व्हिडिओ, वॉलपेपर आणि स्क्रीनसेव्हर यांनी अडवली आहे. तेवढ्या जागेत प्रत्येक नकाशाचे तुकडे मावले असते.

पाकिटाबद्दलही सांगते. गोंद इतका पक्का होता की तिसऱ्यांदा सीडी काढताना पुठ्ठ्याचा कागद सोलून आला. कागदी पाकिटात घासून छापील बाजूला ओरखडे पडतात, आणि लोकांना वाटतं ती बाजू सुरक्षित. उलट डेटाचा थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूला तरी प्लॅस्टिकची जाडी मध्ये असते. सीडी मिळाल्या दिवशीच तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, कॉम्प्युटरवर काढून ठेवा. मी दुसऱ्या आठवड्यात काढली म्हणून बचावले, कारण चौथ्या महिन्यात माझ्या चकतीवरचं एक फोल्डर वाचता येईनासं झालं.

सध्या मी त्याच प्रतिमेवरून गटासाठी स्वतःची सीडी लावते आहे. जाहिरात काढली, नावं बदलली, वहीतली यादी टाइप करून पहिल्याच फोल्डरमध्ये ठेवली. नकाशांचे तुकडे सात बाय दहाचे करणं चालू आहे. अकरा नकाशे झाले, सहा राहिलेत. पुढच्या सेशनला खेळाडू किल्ल्यात शिरणार आहेत, म्हणून आज रात्री किल्ल्याच्या तिन्ही मजल्यांवरचे क्रमांक पुसायचे आहेत. एकोणचाळीस खोल्या आहेत, त्यातल्या चार त्यांना दिसायच्या नाहीत.